जुनी दुनळी, ओली दलदल आणि चुकीचे काडतूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाणलाव्याच्या (इंग्रजीत ‘स्नाइप’) शिकारीवर आलेला लेख आणि त्याखालची ‘नवशिक्यांसाठी’ ही चौकट वाचली. लेखातले दलदलीचे वर्णन सुरेख आहे. चौकट मात्र धोक्याची आहे. ‘पाणथळीत शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी असल्याने जुन्या दुनळीत स्टीलची काडतुसे भरावीत, आणि पक्षी लहान असल्याने फुल चोकची नळी वापरावी’ असे तीत म्हटले आहे. (चोक म्हणजे नळीचे तोंडाशी आवळलेले असणे; फुल चोक सर्वांत घट्ट.) पहिला सल्ला मानला तर बंदूक कामातून जाण्याची भीती आहे, हातालाही इजा होऊ शकते. दुसरा मानला तर बहुतेक पक्षी सुटतील आणि जे सापडतील त्यांच्या चिंधड्या होतील. बंदुकीविषयी अर्धवट माहिती छापून गेली की ती वर्षानुवर्षे फिरत राहते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिले आहे.

आधी एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाणलाव्याची शिकार करता येत नाही. येथे जे लिहिले आहे ते ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका अशा देशांतल्या परवानाधारक शिकारीला लागू आहे. तिथेही नियम काटेकोर आहेत. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये साध्या पाणलाव्याचा हंगाम १२ ऑगस्ट ते ३१ जानेवारी असतो. धाकटा पाणलावा, म्हणजे आखूड चोचीचा जॅक स्नाइप, तिथे वर्षभर संरक्षित आहे. अमेरिकेत माणशी दिवसाला ८ पक्ष्यांची मर्यादा आहे. या मर्यादेमागे मोठा इतिहास आहे. लुइझियानाच्या दलदलीत जेम्स प्रिंगल नावाच्या एकाच शिकाऱ्याने १८६७ ते १८८७ या वीस वर्षांत ६९ हजारांहून अधिक पाणलावे मारल्याची नोंद आहे. पुढे पक्षी इतका घटला की १९४१ ते १९५३ या काळात अमेरिकेत त्याची शिकार पूर्ण बंद ठेवावी लागली.

आता चौकटीकडे. ‘बारा बोर म्हणजे १२ मिलिमीटर’ असे छायाचित्राखाली छापले आहे, तेही चूक. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. तिचा व्यास १८.५ मिमी येतो. याच हिशेबाने सोळा बोर १६.८ मिमी आणि वीस बोर १५.६ मिमी. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. ही बाब पुस्तकी वाटेल, पण तिच्यामुळेच एक जीवघेणी चूक घडते. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत टाकले तर ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागातून, घसरून पुढे नळीच्या अरुंद भागात अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. शिकारी त्यात बारा बोरचे काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी डाव्या हाताशीच फुटते. वीस बोरची काडतुसे म्हणूनच पिवळ्या रंगाची करतात. दोन वेगवेगळ्या बोरच्या बंदुका बाळगणाऱ्याने एका खिशात दोन प्रकारची काडतुसे कधीही ठेवू नयेत, आणि मोसमाच्या सुरुवातीला जुन्या कोटाचे खिसे उलटे करून पाहावेत.

स्टीलचा प्रश्न समजायला जुनी दुनळी म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. १८७५ची अॅन्सन आणि डीलीची बॉक्सलॉक रचना (बार उडवणारी यंत्रणा बंदुकीच्या धडाच्या आत), १८८०ची बीस्लीची आपोआप उघडणारी साइडलॉक रचना (तीच यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर), आणि त्यांच्या मागून आलेल्या बंदुका मुख्यत्वे एका कामासाठी घडल्या: पायी हिंडणाऱ्या माणसाने दिवसभर हातात बाळगावी आणि पक्षी उठताच खांद्याला लावावी. वजन २.८ ते ३ किलो, नळ्या साधारण ७१ सेंटिमीटर, दस्ता सरळ, पुढचा लाकडी हात बारीक, चाप दोन. हे वजन नळीच्या भिंती पातळ करूनच साधलेले असते. नळीच्या मधल्या भागात भिंतीची जाडी जेमतेम ०.६ ते ०.८ मिमी असणे नवलाचे नाही, आणि आतून गंज घासून काढता काढता ती आणखी उतरते. ०.५ मिमीच्या खाली गेलेली नळी इंग्रज कारागीर सहसा वापरू देत नाहीत.

शिसे मऊ असते. छर्ऱ्यांचा गठ्ठा चोकच्या अरुंद तोंडाशी आला की ते थोडे चेपतात आणि निघून जातात. स्टील चेपत नाही. कठीण दाणे एकमेकांवर अडतात, कमान धरतात आणि सगळा रेटा नळीच्या भिंतीवर येतो. परिणामी चोक सुरू होतो त्या जागी बाहेरून एक बारीक कडे उमटते. बोट फिरवले तर हाताला लागते, उजेडात तिरपे धरले तर आत सावलीचे वर्तुळ दिसते. पातळ नळीत हे लवकर होते आणि घट्ट चोकमध्ये हमखास. दोन नळ्या जिथे पट्टीने जोडलेल्या असतात तिथला डाकही यात सुटू शकतो. कमी दाबाची, बारीक दाण्याची ‘स्टँडर्ड’ स्टील काडतुसे मिळतात. चोक मोकळा आणि भिंती जाड असलेल्या बंदुकीत जाणता कारागीर मोजमाप घेऊन त्यांना परवानगी देतोही. पण ‘हाय परफॉर्मन्स’ स्टील फक्त त्या दाबाला तपासलेल्या, नळीवर लिलीच्या फुलाची (फ्लर-द-ली) खूण असलेल्या बंदुकीसाठी असते. शंभर वर्षांपूर्वीच्या दुनळीवर ती खूण नसते.

काडतुसाच्या लांबीचीही एक गोम आहे. जुन्या इंग्रजी बारा बोरचे चेंबर बहुधा अडीच इंचाचे, म्हणजे ६५ मिमीचे असते. आजची बहुतेक काडतुसे ७० मिमीची. खोक्यावर छापलेली लांबी उडालेल्या, तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असते. त्यामुळे ७० मिमीचे काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये विनासायास बसते, बंदूक मिटते, सगळे ठीक वाटते. बार होताना दुमडलेले तोंड पुढे उलगडते आणि चेंबरच्या पुढच्या उतारावर जाऊन वाट अरुंद करते. दाब वाढतो, धक्का जोरात बसतो आणि कालांतराने बंदूक मिटवून धरणारे कुलूप ढिले पडते. ‘काडतूस बसले म्हणजे चालेल’ हा समज म्हणूनच घातक. जुन्या बंदुकीचे चेंबर मापकाने मोजून घ्यावे आणि खोक्यावर ‘६५ मिमी चेंबरसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहिले असेल तरच ते काडतूस वापरावे.

नळ्यांच्या सपाट बुडाला ठोकलेल्या खुणा ही त्या बंदुकीची जन्मपत्रिका असते. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांत जास्त दाबाचे काडतूस उडवून बंदूक तपासतात आणि तसा शिक्का मारतात. ‘नायट्रो प्रूफ’ (धूरविरहित दारूसाठी तपासलेली) हे शब्द, छर्ऱ्यांचे जास्तीत जास्त वजन आणि नळीचे त्या दिवशीचे माप तिथे वाचता येते. आजचे माप त्याहून ठरलेल्या मर्यादेपलीकडे मोठे निघाले तर ती चाचणी रद्द समजायची. जाळीदार नक्षीच्या डमास्कस नळ्यांवर तर फक्त काळ्या दारूची चाचणी असण्याची शक्यता फार. धूरविरहित दारूचे आजचे काडतूस त्यांत उडवू नये.

मग पाणथळीत भरायचे काय? शिसे नको, हे लेखातले म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ते मनापासून पटते. उडालेल्या छर्ऱ्यांपैकी पक्ष्याला लागतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे चिखलात राहतात. बदके आणि इतर पाणपक्षी पेषणीत दाणे दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात, त्याबरोबर छर्रे गिळतात. पेषणीत ते घासले जातात, शिसे रक्तात उतरते. पक्षी हळूहळू रोडावतो, पंख लोंबू लागतात, आणि असा पक्षी खाणाऱ्या गरुडालाही विषबाधा होते. इंग्लंडमध्ये बदके, कलहंस यांच्या शिकारीत आणि किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात १९९९च्या नियमांनी शिसे बंद झाले. स्कॉटलंडमध्ये २००५पासून कोणत्याही पाणथळीवर ते चालत नाही. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३पासून पाणथळीत आणि तिच्या १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे उडवायला मनाई आहे.

जुन्या दुनळीसाठी याचे उत्तर बिस्मथ आहे. शुद्ध बिस्मथ ठिसूळ असते, म्हणून त्यात थोडे कथील मिसळतात. हा मिश्रधातू स्टीलपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने जुन्या नळीला आणि चोकला सोसतो, आणि ६५ मिमीच्या काडतुसांतही मिळतो. आणखी एक फायदा असा की त्याच्यामागे, दारू आणि छर्ऱ्यांच्या मध्ये, लोकरीचा किंवा तंतूंचा बोळा चालतो. स्टीलला नळीपासून अलग ठेवायला जाड पेला लागतो, आणि तो प्लास्टिकचा असला तर प्रत्येक बाराबरोबर दलदलीत प्लास्टिकचा एक तुकडा पडतो. विष टाळायचे आणि कचरा टाकायचा, हे काही बरे नाही. बिस्मथ महाग आहे, पण पाणलाव्याच्या शिकारीत दिवसाला उडणारी काडतुसे मोजकीच असतात. टंगस्टनची मऊ मिश्रणेही चालतात, ती आणखी महाग.

दाण्याचा हिशेब करताना घनता धरावी लागते. घन सेंटिमीटरला शिशाची साधारण ११.३ ग्रॅम, बिस्मथ मिश्रणाची ९.६, स्टीलची ७.८. त्याच मापाचा बिस्मथचा दाणा शिशाहून हलका, म्हणून तो लवकर मंदावतो. यावर उपाय म्हणजे एक नंबर मोठा दाणा घ्यायचा; नंबर लहान तसा दाणा मोठा. इंग्रजी मापात शिशाचा ८ नंबरचा दाणा २.२ मिमीचा आणि २८ ग्रॅममध्ये असे सुमारे ४५० दाणे. बिस्मथचा ७ नंबर २.४ मिमीचा आणि तेवढ्याच वजनात सुमारे ४०० दाणे. संख्या फारशी घटत नाही आणि जोर टिकतो. वजन २८ ग्रॅम पुरे. हलक्या बंदुकीत ३२ किंवा ३६ ग्रॅम भरले तर धक्का वाढतो, आणि दुसरा बार उशिरा होतो.

पाणलावा साधारण १०० ते ११० ग्रॅमचा. त्यातली पिसे आणि सहा-सात सेंटिमीटरची चोच सोडली तर धड मुठीएवढे. त्याला दाणा मोठा लागत नाही, दाणे दाट लागतात. नेमकी इथेच ‘फुल चोक’वाली चूक होते. दाट म्हणजे घट्ट नव्हे. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे तोंडाशी जेमतेम ०.१ मिमी आवळलेली नळी. तिच्यातून २७ मीटरवर सुमारे ७२ टक्के दाणे ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. ४०० दाण्यांचे त्या वर्तुळात २८८ झाले, म्हणजे मुठीएवढ्या धडालाही निसटायला जागा राहू नये इतकी दाटी. हेच ६ नंबरचे शिसे असते तर २८ ग्रॅममध्ये दाणे २७०, वर्तुळात १९४; त्यात पाणलावा निसटेल एवढ्या जागा राहतात. आता जवळचे अंतर पाहा. १८ मीटरवर इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा फैलाव सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचा असतो, फुल चोकचा सुमारे ४१. क्षेत्रफळ काढले तर मोकळी नळी अडीच पटीहून जास्त जागा व्यापते. दलदलीतले बहुतेक बार १८ ते ३० मीटरमध्येच होतात. फुल चोकवाल्याचा नेम तिथे चुकतो, आणि बरोबर लागला तर पक्ष्याचे काही उरत नाही. म्हणून उजवी नळी सिलिंडर (अजिबात न आवळलेली) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, डावी पाव ते अर्धा चोक, ही जुनीच जोडी योग्य. ३५ मीटरपुढे बार काढूच नये.

हे कागदावरचे आकडे आपल्या बंदुकीत खरे ठरतात का, हे मोसमाआधी पाहावे. सव्वा मीटर चौरस कागद २७ मीटरवर लावून प्रत्येक नळीचे निदान पाच-पाच बार काढावेत, सर्वांत दाट जागेभोवती ७६ सेंटिमीटरचे वर्तुळ आखून दाणे मोजावेत. एका बारावरून निष्कर्ष काढू नये. एकाच खोक्यातली काडतुसेही सारखी पडत नाहीत. दोन्ही नळ्यांचा मध्य एकाच जागी येतो का, हेही त्यातच दिसते.

दोन चापांचा खरा उपयोग पाणलाव्यावरच कळतो. पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा. मागचा डाव्या, आवळलेल्या नळीचा. पायाशी उठलेल्या पक्ष्याला पुढचा, लांब उठलेल्याला थेट मागचा. नळी निवडायला बटण सरकवावे लागत नाही, बोट एक इंच मागे घेतले की झाले. सरळ दस्त्यावर हात सहज मागे सरकतो, त्यासाठीच तो सरळ ठेवलेला असतो. जाड हातमोजा मात्र घालू नये, दोन्ही चापांमध्ये तो अडकतो.

पक्ष्याची चाल ओळखल्याशिवाय हे सगळे व्यर्थ आहे. पाणलावा चिखलात चोच खुपसून गांडुळे आणि अळ्या शोधतो. चोचीचे टोक संवेदनशील असते, आणि चोच जमिनीत असतानाही ते वेगळे उघडता येते. म्हणून जमीन चोचीच्या खोलीइतकी मऊ हवी, पण वर पाणी खोल नको. गुरांच्या खुरांनी तुडवलेली ओली कुरणे, लव्हाळ्याचे झुबके आणि मध्ये उथळ डबकी, पाट फुटून भिजलेले गवत, या त्याच्या जागा. चिखलात पेन्सिलीने टोचल्यासारखी भोके आणि पांढरी शीट दिसली की जागा चालू आहे असे समजावे. तो चरतो मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री. दिवसा झुबक्यांच्या आडोशाला दबून बसतो. गोठण पडली आणि कुरण टणक झाले की पक्षी एका रात्रीत नाहीसे होतात आणि वाहत्या झऱ्याकाठी, न गोठणाऱ्या ओढ्यांपाशी गोळा होतात.

वाऱ्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि लेखात तो उलटा छापला गेला आहे. पाणलावा वाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि वाऱ्याविरुद्धच उठतो. वारा पाठीवर घेऊन चालले तर उठलेला पक्षी आधी शिकाऱ्याच्या दिशेने यायला पाहतो, क्षणभर हवेत टांगल्यासारखा होतो, मग बाजूला वळतो. पोटाचा पांढरा भाग दिसतो आणि बाराला तो क्षण मिळतो. वाऱ्याविरुद्ध चालले तर पावलांचा आवाज कमी पोहोचतो, पक्षी जवळ बसू देतो हे खरे, पण उठला की सरळ पुढे, खाली खाली, वेडीवाकडी वळणे घेत जातो आणि दिसते ती फक्त तपकिरी पाठ. रान मोठे असेल तर निम्मा फेरा आडवा घालून मग वारा पाठीवर घ्यावा. वादळी वाऱ्यात पक्षी साठ-सत्तर मीटरवरूनच उठतात; त्या दिवशी बंदूक घरी ठेवलेली बरी.

उठताना तो घोगरा, कापड फाटल्यासारखा ‘स्केप’ आवाज करतो, पंधरा-वीस मीटर झुकांड्या देतो आणि मग सरळ होऊन वर चढतो. पहिल्या झुकांडीआधीच बार काढावा की पक्षी सरळ होईपर्यंत थांबावे, यावर शिकाऱ्यांत जुना वाद आहे. थांबण्याची बाजू मला अधिक बरोबर वाटते. पक्षी सहा-सात मीटरवर असताना कोणत्याही चोकचा फैलाव वीतभरच असतो, आणि वळणांमागे नळी फिरवण्यात तोल जातो. दीड-दोन सेकंद सबुरी ठेवली तर तो २० ते ३० मीटरवर जाऊन मार्ग धरतो. तेव्हा बंदूक गालाला यावी, नळी पक्ष्याच्या मागून येऊन त्याला ओलांडावी आणि चाप ओढला गेल्यावरही फिरत राहावी. २७ मीटर जायला छर्ऱ्यांना सुमारे ०.०९ सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी तेवढ्यात सव्वा मीटर पुढे सरकतो. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी पक्ष्यावर टेकवून बघत बसले की नळी थांबते आणि बार मागे पडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पक्षी पडला का ते पाहायला गाल दस्त्यावरून उचलणे. त्याने बार वरून जातो. जाड कोटही दस्त्याची लांबी वाढवतो, बगलेत अडकतो. थंडीसाठी आत पातळ थर घालावेत.

चालण्यातही शिस्त लागते. सलग चालत गेले तर दबलेला पक्षी मागे राहतो. पंधरा-वीस पावलांनी थांबावे. चाहूल बंद झाली की तो अस्वस्थ होऊन उठतो. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याने थांबताना डावा पाय पुढे आणि दोन्ही पाय लव्हाळ्याच्या झुबक्यावर घट्ट असतील असे पाहावे. सपाट, चमकदार हिरव्या शेवाळाच्या जागेवर पाऊल टाकू नये, खाली तळ नसतो. सेफ्टी लावलेलीच ठेवावी. बंदूक वर येत असताना अंगठ्याने ती ढकलायची. पाट किंवा कुंपण ओलांडताना बंदूक उघडून काडतुसे काढावीत. पाय घसरला, नळीचे तोंड चिखलाला लागले अशी शंकाही आली, तरी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहावा. तोंडाशी बसलेली चिखलाची बोटभर गुडदी नळी फोडायला पुरेशी असते. दोघे असतील तर एका ओळीत, तीसएक मीटरच्या अंतराने चालावे, ओळ मोडू नये आणि सोबत्याच्या दिशेने नळी कधीही फिरवू नये. पाणलावा माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जातो आणि लव्हाळ्यात माणूस दिसत नाही; म्हणून मागे आकाश दिसत नसेल तो बार सोडून द्यावा.

ओळख पटल्याशिवायही बार नको. साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी रेघ असते आणि तो आवाज करून उठतो. धाकटा अगदी पायाखालून, मुकाट्याने उठतो, झुकांड्या देत नाही आणि शंभरएक मीटरवर पुन्हा बसतो. सोपा वाटणारा पक्षी बहुधा हाच असतो आणि ब्रिटनमध्ये तो मारणे गुन्हा आहे.

पडलेला पक्षी शोधणे हे मारण्याहून कठीण. तपकिरी, पिवळसर रेघांचा तो गवतात मिसळून जातो. पडल्या जागेवरून नजर हलवू नये, दुसरा उठला तरी त्याच्यावर बार काढू नये, सरळ चालत जावे, टोपी टाकून खूण करावी आणि तिच्याभोवती फेरे वाढवत शोधावे. शांत स्वभावाचा स्पॅनियल किंवा रिट्रीव्हर सोबत असणे सर्वांत चांगले, जरी काही कुत्री पाणलावा तोंडात धरायला सुरुवातीला नाखूश असतात. एकच दलदल दर आठवड्याला तुडवली तर पक्षी ती सोडतात. दोन-तीन आठवड्यांची विश्रांती द्यावी. कडाक्याच्या गोठणीत पक्षी उपाशी असतात, एका झऱ्यावर दाटीने बसतात आणि मारायला सोपे होतात, तेव्हा तर हात आवरलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये सुमारे दोन आठवडे सलग गोठण राहिली की सरकारच ही शिकार थांबवते.

लेखात पाककृतीचाही उल्लेख आहे. युरोपातल्या जुन्या पद्धतीत पाणलाव्याची फक्त पेषणी काढतात आणि आतडी तशीच ठेवून भाजतात, चोच काटीसारखी मांडीतून आरपार घालतात. असा अख्खा पक्षी खाणार असाल तर शिसे न वापरण्याला आणखी एक कारण मिळते.

संध्याकाळी बंदूक ओलीच पिशवीत घालू नये. नळ्या, पुढचा लाकडी हात आणि दस्ता सुटे करून कोरड्या फडक्याने पुसावेत, पट्टीच्या सांध्यातले पाणी झटकावे, नळ्यांतून आत फडके ओढून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. शेकोटीजवळ ठेवू नये, लाकूड तडकते. रात्रभर तोंड खाली करून उभी ठेवावी. सरळ ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या तोंडाशी मुरते आणि लाकूड सडवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसावी, कारण लोखंड गरम झाल्यावर सांध्यांतली ओल बाहेर येते.

लेखाच्या शेवटी ‘स्नायपर’ या शब्दाचा संबंध पहिल्या महायुद्धाशी जोडला आहे. तो शब्द युद्धात प्रचलित झाला खरा, पण निघाला याच पक्ष्यावरून, आणि हिंदुस्थानातून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांत पाणलाव्याच्या शिकारीला जाण्यासाठी ‘स्नायपिंग’ हे क्रियापद आढळते.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत, स्टील आणि फुल चोकविषयीचा सल्ला मागे घेतल्याचे छापावे आणि त्याखाली ‘चेंबर मोजा, नळीवरची खूण वाचा, ६५ मिमीचे बिस्मथ वापरा’ ही ओळ ठळक टाइपात द्यावी. चौकट कापून ठेवणारे वाचक असतात, त्यांच्या हाती दुरुस्तीही पडायला हवी.

आपला,
एक वाचक